गाल सतत गरम, लाल आणि चुरचुरतात : रोझेशिया असलेलं कुणी आहे का इथे?

अबोली_२१ | १४ एप्रिल, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. हे लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, पण काल शाळेतल्या एका नवीन शिक्षिकेच्या पर्समध्ये तीच ट्यूब पाहिली जिनं माझ्या चेहऱ्याची आठ महिने वाट लावली होती, आईनं मेडिकलमधून आणून दिलीय म्हणाली, आणि रात्री झोपच लागेना. म्हणून आज लिहितेच.

मी ३७ वर्षांची, नागपूरला असते. साडेतीन वर्षांपूर्वी गाल गरम व्हायला लागले, ताप आल्यावर होतात तसे, पण फक्त गाल, नाक आणि हनुवटी. बाकी अंग गार. माझा रंग सावळा आहे त्यामुळे लाल झालेलं कुणाला दिसायचंच नाही, घरचे म्हणायचे उन्हातून आलीस, काळवंडलीस जरा. मला मात्र आतून भट्टी पेटल्यासारखं व्हायचं. सगळ्यात वाईट वेळ पोळ्यांची. तव्याची धग गालावर आली की पाचव्या-सहाव्या पोळीला सुया टोचल्यासारखं चुरचुरायचं, मग मी गॅस बारीक करून फ्रीजचं दार उघडून तोंड आत घालून उभी राहायचे, मुलगा विचारायचा आई काय शोधतेस, त्याला काय सांगणार.

मग बारीक पुटकुळ्या आल्या. मेडिकलमधून पिंपल्सची क्रीम आणली, ती लावली की चेहरा सोलल्यासारखा व्हायचा. त्यातच मामेबहिणीचं लग्न आलं आणि पार्लरवाल्या ताईंनी एक क्रीम सांगितली. खोटं का बोलू, पंधरा दिवसात चेहरा असा झाला की लग्नात चार जणींनी काय लावतेस विचारलं आणि मी त्या चौघींना नाव सांगितलं. हे मला आजही खातं. कारण पुढे दोन दिवस क्रीम नाही लावली की गाल दुप्पट पेटायचे, लावली की शांत, परत नाही लावली की परत पेटायचे, असं करत आठ महिने गेले. गालावर बारीक लाल रेषा दिसायला लागल्या, लव वाढली, कातडी इतकी पातळ झाली की टॉवेल लागला तरी झोंबायचं.

दोन डॉक्टर झाले, तिसऱ्या डॉक्टर मॅडमनी ओळखलं. त्यांनी गालावर काचेची पट्टी दाबली, दाबल्यावर रंग फिका पडला, सोडल्यावर परत भरला, तो त्यांनी मला आरशात दाखवला. माझ्या काळवंडण्याच्या खाली लाल रंग होता हे मी पहिल्यांदा पाहिलं. नाकावर काळे ठिपके नाहीत, पुटकुळ्या फक्त मधल्या भागात आहेत, म्हणजे हे पिंपल्स नाहीत, रोझेशिया आहे म्हणाल्या, आणि त्यावर पार्लरच्या त्या क्रीममधल्या स्टिरॉइडचा थर चढलाय. औषध देण्याआधी त्यांनी घरी काय काय लावते ते सगळं पिशवीत भरून आणायला सांगितलं. नऊ वस्तू निघाल्या. त्यातल्या आठ त्यांनी बाजूला काढल्या.

तर माझे प्रश्न. मे महिना कसा काढता? पोळ्या-फोडणीचं काय करता? आणि स्टिरॉइड सोडल्यावर चेहरा पूर्ववत व्हायला तुम्हाला किती वेळ लागला? मला दीड वर्ष झालं, ८० टक्के बरी आहे. बाकीचं सविस्तर खाली लिहीन, आधी तुमचं ऐकायचंय.

पारिजातक | १४ एप्रिल, रात्री ११:३५

अबोली, तू माझीच गोष्ट लिहिलीस गं. फक्त माझ्या बाबतीत ती क्रीम जावेनं दिली होती. वाचनखूण साठवली.

भटकी_रेवा | १५ एप्रिल, पहाटे २:१०

मी नेदरलँड्समध्ये असते, इथे हा आजार घरोघरी माहीत आहे. माझ्या ऑफिसमधल्या गोऱ्या मैत्रिणीचं निदान दोन मिनिटात झालं आणि माझं दोन वर्षांनी, त्याच दवाखान्यात. माझ्या गालांवर त्यांना लाल दिसलंच नाही, ते मला ॲलर्जीच्या गोळ्या देत राहिले. रोझेशियाचे फोटो शोधले की सगळे गुलाबी गालांचे येतात, त्यामुळे आपल्यालाही वाटतं हे आपलं नसणार. सावळ्या रंगावर तो विटकरी, जांभळट किंवा नुसता गडद दिसतो. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे की डॉक्टरकडे जाताना रंग नका सांगू, जाणीव सांगा, म्हणजे गरम होतं, चुरचुरतं, ओढल्यासारखं होतं, कधी होतं आणि किती वेळ टिकतं. आणि पेटलेला असताना खिडकीच्या उजेडात फोटो काढून ठेवा, कारण दवाखान्याच्या एसीत बसलं की तो शांत होतो.

इथे मे महिन्याचा त्रास नाही पण हिवाळ्यात बाहेर बोचरा वारा आणि आत शिरलं की हीटर, त्या दरवाज्यातच गाल पेटतात. मी मफलर तोंडापर्यंत घेते आणि आत आल्यावर पाच मिनिटं जिन्यातच थांबते.

साळुंकी | १५ एप्रिल, सकाळी ८:२०

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, सातारा जिल्ह्यात प्रॅक्टिस करते. इथे कुणाला औषध लिहून देणार नाही, पण आजार समजला की अर्धी भीती जाते म्हणून थोडं लिहिते.

रोझेशियात चेहऱ्याच्या मधल्या भागातल्या रक्तवाहिन्या आणि नसांची टोकं नको इतकी हळवी होतात. नसांच्या टोकावर उष्णता ओळखणारी एक कळ असते, ती साधारण ४३ अंशांच्या आसपास उघडते, आणि मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकी तीच कळ दाबतं. म्हणून तिखट खाल्लं की तोंड 'पोळतं' असं आपण म्हणतो. शरीराच्या दृष्टीनं ते खरंच पोळणं आहे. आता अबोलीताई नागपूरच्या मे महिन्यात, तव्यासमोर, वरून तिखट जेवण, म्हणजे एकच कळ तीन बाजूंनी दाबली जातेय. दालचिनीतला घटक अशीच शेजारची दुसरी कळ दाबतो, आणि नेमके दालचिनी-मधाचे लेप व्हिडिओ बघून लावून लोक माझ्याकडे येतात.

दुसरं, कातडीचं स्वतःचं जंतूंशी लढणारं एक प्रथिन असतं, कॅथेलिसिडिन. रोझेशियात ते जास्त तयार होतं आणि चुकीच्या तुकड्यांत तुटतं, त्या तुकड्यांमुळे सूज येते आणि रक्तवाहिन्या वाढतात. हे २००७ मध्ये सॅन दिएगोच्या रिचर्ड गॅलो यांच्या टीमनं दाखवलं. तिसरं म्हणजे डेमोडेक्स, केसांच्या मुळाशी राहणारे अगदी सूक्ष्म जीव. मोठ्या माणसांपैकी जवळपास सगळ्यांच्या चेहऱ्यावर ते असतात, रोझेशियात त्यांची संख्या वाढलेली सापडते. याचा अस्वच्छतेशी काही संबंध नाही, हे मी पेशंटला दोनदा सांगते, कारण ते ऐकून लोक दिवसातून सहा वेळा तोंड घासून धुवायला लागतात आणि आजार वाढवून घेतात.

जगभरातल्या अभ्यासांची बेरीज केली तर मोठ्या माणसांत साधारण ५ टक्क्यांच्या आसपास हा आढळतो. म्हणजे एकटं वाटून घ्यायचं काहीच कारण नाही. मुळापासून बरा होत नाही, पण शांत ठेवता येतो, वर्षानुवर्षं ठेवता येतो.

मेडिकल_कराडकर | १५ एप्रिल, दुपारी २:०५

मी २२ वर्षं औषधांचं दुकान चालवतोय. अबोलीताई, तुमचा लेख वाचून मान खाली गेली माझी. ही क्रीम अशी मागतात लोक, 'भाऊ ती गोरं व्हायची द्या', किंवा रिकामी ट्यूब नाही तर मोबाइलवरचा फोटो दाखवतात. सुरुवातीच्या काळात मीही दिल्यात. २०१८ मध्ये सरकारनं अशी स्टिरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. मी तेव्हापासून बंद केली, गिऱ्हाईक पुढच्या दुकानात गेलं तरी चालेल म्हटलं. पण सगळीकडे बंद झालंय असं मी छातीठोक सांगू शकत नाही.

ट्यूबवरचं नाव वाचू नका, खाली बारीक अक्षरात घटक असतात ते वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यातलं काहीही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. बऱ्याचदा हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनबरोबर तिघांचं मिश्रण असतं. स्टिरॉइड वाईट औषध नाही हो, इसबाला, सोरायसिसला डॉक्टर देतात ते बरोबरच असतं, पण तोंडाला महिनोन्महिने क्रीम म्हणून लावायची ती वस्तू नव्हे. आणि ज्यावर घटकच लिहिलेले नाहीत अशी पार्लरमधली डबी तर घरातच आणू नका.

साळुंकी | १५ एप्रिल, दुपारी ३:४०

कराडकर दादा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आपल्या देशात हे इतकं झालंय की इथल्या त्वचातज्ज्ञांनीच त्याला 'टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस' असं नाव दिलंय.

फक्त एक, हे वाचून कुणी उद्या सकाळी ट्यूब फेकून देऊन घरी बसू नका. खूप दिवस लावलेली असेल तर सोडल्यावर काही दिवसांत चेहरा जोरात उसळतो आणि ते काही आठवडे, कधी काही महिने चालतं. त्या काळात माणूस घाबरून परत तीच क्रीम लावतो आणि चक्र सुरू राहतं. डॉक्टर सोबत असेल तर उसळी दाबायला पोटातून औषध देता येतं, कधी सौम्य मलमावर आणून मग हळूहळू सोडवता येतं. उसळी येणारच हे आधी माहीत असलं की निभावतं.

अबोली_२१ | १५ एप्रिल, रात्री ९:१५

डॉक्टर, हेच. मला मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं की सहा आठवडे तू मला शिव्या देशील. दहाव्या दिवशी चेहरा इतका सुजला की मी शाळेत रजा टाकली, नवऱ्यानं ती क्रीम कपाटाच्या वरच्या खणात लपवून ठेवली होती आणि मी स्टुलावर चढून ती शोधत होते. मिळाली नाही, त्यानं ती दुपारीच कचऱ्यात टाकली होती. पाच आठवड्यांनी पहिल्यांदा रात्री गाल गार लागले, मी उठून आईला फोन केला.

आता मे महिन्याचं. मॅडम म्हणाल्या तुला कशानं पेटतं ते मी सांगू शकत नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं, तू लिहून ठेव. मग मी दुधाच्या हिशोबाच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात अक्षरं लिहायला लागले. ऊ म्हणजे ऊन, त तिखट, च चहा, फ फोडणी-पोळ्या, झ म्हणजे झोप नीट नाही, आणि गाल पेटले त्या दिवशी चौकोनाला गोल. दोन महिन्यांनी पाहिलं तर चहाचा आणि गोलाचा काही मेळच नाही! मी वर्षभर चहा सोडून बसले होते. उकळता घशाखाली घातला तरच होतं, बशीत ओतून गार करून प्यायला तर काही नाही. तिखटाचंही तसंच, घरच्या जेवणाला काही होत नाही, पण उन्हातून जाऊन तर्री पोहे खाल्ले त्या प्रत्येक दिवशी गोल.

आणि एक 'स' मी नंतर घातला, स्कार्फचा. आपल्याकडे गाडीवर जाताना डोळे तेवढे उघडे ठेवून तोंड घट्ट बांधतात ना, मी वीस वर्षं बांधतेय, उन्हापासून वाचायला. त्याच्या आत वाफ कोंडते, घाम गालावरच राहतो, आणि सिंथेटिक कापड घासतं. जवळजवळ प्रत्येक 'स'ला गोल. आता पातळ सुती ओढणी सैल घेते, टिंट, म्हणजे कातडीसारखा हलका रंग असलेलं सनस्क्रीन लावते, आणि शाळेची वेळ सकाळची मागून घेतली.

पोळ्यांचं म्हणाल तर कणीक भिजवून लाटून मी देते, भाजायला नवरा किंवा मुलगा. टेबल फॅन ओट्याकडे तोंड करून ठेवता येत नाही, गॅस विझतो, म्हणून तो जमिनीवर माझ्या मागे. फोडणी कढईवर वाकून नाही, हात लांब करून आणि चिमणी लावून. एवढ्यानं अर्धं कमी झालं, अक्षरशः अर्धं.

सुगरण_माई | १६ एप्रिल, सकाळी ११:००

मुलींनो, मला एक सांगा, आमच्या वेळी डाळीचं पीठ, हळद, लिंबू, साय हेच लावायचो आणि काही झालं नाही. याला ते का चालत नाही? आणि मी ऐकलंय अंगात उष्णता वाढली की असं होतं, सब्जा, गुलकंद घेतलं तर?

साळुंकी | १६ एप्रिल, दुपारी १:२५

माई, निरोगी कातडीला डाळीचं पीठ चालतंच, तुमचं खरं आहे. पण रोझेशियात कातडीचा वरचा संरक्षक थरच फाटलेला असतो. जखमेवर लिंबू पिळल्यावर काय होईल तेच इथे होतं. पीठ खरखरीत, ते घासलं जातं. लिंबू आंबट. हळद काहींना सोसते, काहींना पुरळ उठतं. सब्जा, गुलकंद खुशाल घ्या, गार पाणी पोटात गेलं तर बरंच वाटतं, बर्फाचा तुकडा तोंडात घोळवला तरी फ्लश, म्हणजे चेहऱ्याचं असं एकदम तापणं, ओसरायला मदत होते. फक्त चेहऱ्यावर काही नको. वाफ घेणं, ब्लीच, फेशियल, स्क्रब, मेंथॉल-कापूर असलेलं काही, गुलाबपाण्याच्या नावाखाली सुगंध घातलेलं पाणी, हे सगळं बंद.

चेहऱ्याला तीनच वस्तू पुरतात. वास नसलेला, फेस न येणारा सौम्य क्लिन्झर, साधं बिनसुगंधी मॉइश्चरायझर, आणि एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. झिंक आपल्या रंगावर पांढरं दिसतं आणि म्हणून लोक लावत नाहीत, तेव्हा टिंटेड घ्या, त्यातल्या आयर्न ऑक्साइडमुळे काळे डाग पडणंही कमी होतं. तोंड कोमट पाण्यानं, बोटांनी धुवायचं आणि टॉवेल टिपायचा, घासायचा नाही.

माई_सुगरण नव्हे, तिची सून | १६ एप्रिल, दुपारी ४:५०

सासूबाईंच्या धाग्यातूनच आले, नवीन आयडी काढला. डॉक्टर, मला ४९ वर्षं झाली, पाळी जाण्याच्या बेतात आहे. चेहरा भपकन तापतो, घाम फुटतो. हे रोझेशिया की ते?

साळुंकी | १६ एप्रिल, सायंकाळी ६:१०

पाळी जाताना येणारा हॉट फ्लश बहुतेक छाती-मान-चेहरा असा वर चढतो, घाम येतो, काही मिनिटांत जातो आणि मागे काही उरत नाही. रोझेशियात मधल्या चेहऱ्यावरची लाली किंवा गडदपणा मागे रेंगाळतो, चुरचुर असते, पुटकुळ्या किंवा बारीक रेषा असतात. दोन्ही एकत्रही असू शकतात, मग हॉट फ्लशमुळे रोझेशिया चाळवतो. बीपीची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरना सांगा, एम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनी काहींचा चेहरा तापतो. पण मनानं बंद करायची नाही हां.

आणि गालांवर फुलपाखरासारखी लाली असून सोबत सांधे दुखणं, केस जाणं, तोंडात फोड, ताप असं काही असेल तर ल्युपसची, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते त्या आजाराची, तपासणी आधी. ल्युपसमध्ये नाकाच्या बाजूची घडी बहुधा मोकळी राहते. हे घरी ठरवायचं नाही, ते आमचं काम.

केवडा | १७ एप्रिल, रात्री १०:२०

डोळ्यांचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझी सुरुवातच डोळ्यांपासून झाली. वर्षात चार वेळा रांजणवाडी, पापण्यांच्या कडा लाल, सकाळी चिकटलेल्या, दिवसभर वाळू गेल्यासारखं टोचणं. मी कॉम्प्युटरमुळे म्हणून थेंब टाकत बसलो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्या गालांकडे बघून विचारलं चेहरा तापतो का हो, तेव्हा दोन धागे जुळले. रोझेशिया डोळ्यातही असतो आणि कधीकधी चेहऱ्याच्या आधी डोळ्यातच येतो.

पापण्यांच्या कडेला तेल सोडणाऱ्या ग्रंथी असतात, त्या तुंबतात, मग अश्रू लवकर सुकतात. मला कोमट पाण्यात पिळलेलं स्वच्छ सुती फडकं पापण्यांवर पाच ते दहा मिनिटं, मग बोटानं हलका मसाज, मग कडा पुसणं, असं रोज सांगितलंय. गाल तापू नयेत म्हणून मी फडक्याची छोटी घडी करून फक्त पापणीवर ठेवतो. उजेड सहन होत नसेल, दुखत असेल, धूसर दिसायला लागलं असेल तर मात्र त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, बुबुळाला इजा होऊ शकते.

भटकी_रेवा | १८ एप्रिल, रात्री १:००

केवडा, मला वाटायचं माझे डोळे हीटरमुळे कोरडे पडतात! उद्याच अपॉइंटमेंट घेते.

औषधांचं माझं लिहिते, तुलना करायला. मला आधी मेट्रोनिडॅझोल जेल दिलं, तीन महिन्यांनी थोडा फरक. मग आयव्हरमेक्टिन १ टक्का क्रीम, रात्री एकदा, चौथ्या महिन्यात पुटकुळ्या जवळपास गेल्या. लाली मात्र तशीच. त्यासाठी ब्रिमोनिडिन जेल, अर्ध्या तासात चेहरा फिका पडतो आणि संध्याकाळपर्यंत टिकतो, मी एका लग्नाला लावलं, छान होतं, पण रात्री परत आली ती आधीपेक्षा जास्त. सगळ्यांना असं होत नाही म्हणे, मला झालं, मी सोडलं.

अबोली_२१ | १८ एप्रिल, सकाळी ७:४५

मला डॉक्सिसायक्लिन (अँटिबायोटिक गोळी) तीन महिने, आणि आता ॲझेलाइक ॲसिड १५ टक्के. हे पहिले तीन आठवडे मुंग्या आल्यासारखं करतं, मॅडमनी आधी मॉइश्चरायझर आणि त्यावर ॲझेलाइक अशी पद्धत सांगितली, एक दिवसाआड. त्यानं स्टिरॉइडनंतर राहिलेले काळे डागही फिके झाले. डॉक्सीचं एक सांगते, पहिल्या आठवड्यात मी गोळी घोटभर पाण्यानं घेऊन लगेच आडवी झाले आणि रात्रभर छातीत जळजळ. भरपूर पाणी प्यायचं, अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही, दुधाबरोबर किंवा कॅल्शियम-लोहाच्या गोळीबरोबर घ्यायची नाही, आणि ऊन जास्त लागतं.

साळुंकी | १८ एप्रिल, सकाळी ९:३०

आणि गरोदर असाल किंवा राहायचा विचार असेल तर डॉक्सी नाही, आयसोट्रेटिनॉइन (हट्टी पुटकुळ्यांसाठी पोटातून देतात ते औषध) तर अजिबात नाही. हे आधीच सांगा, संकोच नको. ॲझेलाइक त्या काळातही चालतं. कुठलंही लावायचं औषध असो, ८ ते १२ आठवडे दिल्याशिवाय 'गुण नाही' म्हणू नका. बारीक रेषांना क्रीम लागू पडत नाही, त्याला लेझर लागतं, आणि आपल्या रंगाच्या कातडीवर काम केलेला हात शोधा, नाहीतर डाग पडतात.

कॉफीचं कुणी विचारायच्या आधी सांगते. अमेरिकेतल्या ८२ हजारांहून जास्त नर्सेसच्या पाहणीत, २०१८ मध्ये आलेल्या, जास्त कॉफी पिणाऱ्यांत रोझेशिया कमी आढळला. म्हणजे त्रास गरमपणाचा, कॅफिनचा नव्हे. अबोलीताईंच्या कॅलेंडरनं तेच सांगितलं.

माळकरी_सांगली | २० एप्रिल, रात्री ८:३०

राम कृष्ण हरी. पोरीनं हा धागा वाचून दाखवला म्हणून लिहितोय, टाइप तीच करतीय. वय ६१. माझं नाक गेली बारा वर्षं वाढत चाललंय. आधी लाल, मग छिद्रं मोठी, आता गाठीगाठींचं, जाड, एका बाजूला ओघळलेलं. चष्मा नीट बसत नाही बघा.

दुखत नाही फार. दुखतं ते दुसरंच. गळ्यात माळ आहे माझ्या, तीस वर्षं झाली, दारू सोडा मटणाचा रस्सा पण शिवला नाही. तरी लग्नात पंगतीला बसलो की कुणीतरी हळूच विचारतं, तात्या जोर हाय वाटतं. मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी मागनं चौकशी केली, बाप पितो का. ते स्थळ मोडलं. तेव्हापासनं मी लग्नाला जायचंच सोडलं. हे पण रोझेशियाच म्हणायचं का, आणि यावर काही इलाज आहे का या वयात?

साळुंकी | २० एप्रिल, रात्री ९:०५

तात्या, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. बघितल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, पण तुम्ही सांगताय ते रायनोफायमाचं वर्णन आहे, रोझेशियाचाच एक प्रकार, आणि तो पुरुषांतच जास्त होतो. नाकातल्या तेलग्रंथी आणि कातडी वाढत जाते. दारू न पिणाऱ्यांना होतो, कधी एक थेंब न घेतलेल्यांना होतो. दारूनं चेहरा लाल होतो म्हणून लोकांनी जोडलेलं ते नातं आहे, आणि त्यानं खूप चांगल्या माणसांना मान खाली घालायला लावलीय. तुमच्या मुलीनं हे त्या पाहुण्यांना दाखवावं असं मला वाटतं.

इलाज आहे. वाढलेला भाग लेझरनं किंवा शस्त्रक्रियेनं थरथर तासून नाकाला मूळचा आकार देता येतो, बऱ्याचदा भूल फक्त नाकापुरती. काढलेला तुकडा तपासायला पाठवतात, कारण क्वचित त्यात कातडीचा कर्करोग लपलेला असतो. वय आड येत नाही. पण आषाढात वारीला जाणार असाल तर त्याआधी करू नका, नवी कातडी आलेल्या नाकाला अठरा-वीस दिवसांचं ऊन चालणार नाही. दिवाळीनंतर करा.

भटकी_रेवा | २० एप्रिल, रात्री ११:५५

तात्या, पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये १४९० च्या सुमाराचं एक चित्र आहे, घिर्लांदायो नावाच्या इटालियन चित्रकाराचं. एक म्हातारे आजोबा, नाक अगदी तुम्ही सांगताय तसं गाठीगाठींचं, आणि मांडीशी नातू, तो आजोबांच्या छातीवर हात ठेवून त्यांच्याकडे बघतोय. मी त्यासमोर खूप वेळ उभी होते. चित्रकारानं नाक लपवलेलं नाही, जसं आहे तसं रंगवलंय, आणि तरी सगळं चित्र त्या पोराच्या नजरेनं भरून गेलंय. फोटो पाठवते.

पारिजातक | २१ एप्रिल, सकाळी ६:५०

सकाळी सकाळी डोळ्यात पाणी आलं. तात्या, लग्नाला जा हो.

मेडिकल_कराडकर | ३ मे, दुपारी १२:४०

अपडेट. दुकानात काउंटरवर कागद चिकटवलाय, 'गोरं व्हायची क्रीम चिठ्ठीशिवाय मिळणार नाही, चेहऱ्याला आठ महिन्यांत काय होतं ते विचारा'. या आठवड्यात चौघांनी विचारलं. तिघांना त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवलं.

अबोली_२१ | २२ जून, रात्री १०:३०

पाऊस आला, चेहरा शांत. मे मध्ये चारच गोल, मागच्या वर्षी एकोणीस होते. त्या नवीन शिक्षिकेला घेऊन मॅडमकडे गेले होते. तिनं दोनच महिने लावली होती, लवकर सुटेल म्हणाल्या. आणि लग्नातल्या त्या चौघींपैकी तिघींना फोन केला, एकीनं कधीच घेतली नव्हती, दोघींनी सोडली. चौथीचा नंबर शोधतेय.

माळकरी_सांगली | ९ जानेवारी, सायंकाळी ७:१५

राम कृष्ण हरी. वारी झाली, दिवाळी झाली, मग डिसेंबरात नाकाचं काम करून घेतलं. एकाच बैठकीत झालं, पंधरा दिवस खपली, अजून लालसर आहे, डॉक्टर म्हणाले काही महिने राहील. तुकड्याचा रिपोर्ट साफ आला. चष्मा बसतो आता. नाकावर टिळा लावायला अजून परवानगी नाही, म्हणून गोपीचंदन कपाळापुरतंच. परवा भाच्याच्या लग्नाला गेलो होतो, पंगतीला बसलो, पोटभर जेवलो. लावायचं औषध आणि सनस्क्रीन चालू ठेवायला सांगितलंय. पोरगी विचारतीय, टोपी कुठली बरी, कडेची की आपली साधी?

साळुंकी | ९ जानेवारी, रात्री ८:००

रुंद कडेची, तात्या. चारही बाजूंनी सावली पडली पाहिजे, नाकावर आणि कानावर.